ग्रामसभेत वाचलेला पाण्याचा अहवाल

मंडळी, आज आमची ग्रामसभा गाजली!

तळोद्याजवळच्या आमच्या गावातल्या एका हातपंपाच्या पाण्याचा तपासणी अहवाल मला सकाळी सरकारी वेबसाइटवर सापडला. ‘पाणी पिण्यास अयोग्य.’ अहवाल सगळ्यांना खुला असूनही गावात कुणालाच माहीत नव्हता. मी तो सभेत मोठ्याने वाचला.

गरोदर सुनेच्या काळजीने शेजारच्या सुमनकाकू ताडकन उठल्या. “मन्ही सून दोन जीवनी शे, तेच पानी पी ऱ्हायनी! आमले कसाले नही सांगं?”

ग्रामसेवकांनी स्वतःच्या मोबाइलवर अहवाल पाहिला आणि तिथूनच टँकरसाठी फोन लावला. तोवर सभेत कधी न बोलणाऱ्या बायका माझ्याभोवती जमल्या. “आमना गल्लीना पंपनं बी दख ना!”

संध्याकाळी टँकर आला. हे पाणी पिऊ नये म्हणून पंपाला लाल रंगही लागला!

तुमच्या गावच्या पाण्याबद्दल काय लिहिलंय, पाहिलंत का?