काळं नाक, पिवळी पिल्लं

दिवसभर कॉलेजात आनुवंशिकता शिकवायची आणि घरी येऊन पुन्हा तेच दळण दळायचं, याचा मला तेव्हा मनापासून वीट आला होता. आमचं घर कानडी मुलखात, देवराज मोहल्ल्यात. कुलदैवत भैरोबा, म्हणून दाराशी कायम काळं कुत्रं आणि रविवारच्या नैवेद्याचा पहिला घास त्याला. त्या वेळी लॅब्रॅडॉरची जोडी होती, दोघंही काळीकुळकुळीत. कुत्री व्याली आणि काळ्या पिल्लांत दोन पिवळी निघाली.

समोरच्या शिंप्याच्या पायरीवर एक पिवळं गावठी कुत्रं पडलेलं असायचं. पिवळी पिल्लं त्याचीच, असा सासऱ्यांनी तेवढ्यावर निकाल दिला. कुत्रीचा घास बंद झाला. पिल्लांचं दूध सुटलं की तिला वरुणा गावच्या गवळ्याकडे धाडायचं ठरलं. ती रोज माझ्या पायाशी झोपायची. मला ते सोसेना.

एका संध्याकाळी मी चपला न काढताच सांगायला बसले. "मामंजी, रंग एका जीनवर ठरत नाही. एक जीन शाई ठरवतो, काळी की तपकिरी. ती शाई केसांत उतरू द्यायची की नाही, ते दुसरा ठरवतो. त्याची बंद प्रत आई आणि बाप दोघांकडून आली, की पिल्लू पिवळं. शाई काळी असली तरी. नाक बघा, काळंच आहे."

"सुम्ने, उगाच काहीतरी सांगू नकोस. दोघं काळी, मग बंद प्रत होती कुठे?"

"एक उघडी असली की बंद झाकून राहते. दोघांतही एकेक असू शकते. नुसत्या रंगावरून हिच्यावर आळ घेता येत नाही."

"आपल्या कुत्र्यातपण? हौदा? खरंच?"

अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "त्याला कोणी विचारलं का? त्याचा घास तर चालूच आहे."

 मी दमले होते. आत जाऊन पडले.

रविवारी त्यांनी अंगणात दोन पानं मांडली. कुत्री घरातच राहणार, हे मला तेव्हा कळलं. कुत्र्याने आपलं पान चाटूनपुसून साफ केलं. कुत्री उठलीच नाही. सासरे हाक मारत राहिले, तिने तोंड फिरवलं. शेवटी एक पिवळं पिल्लू लटपटत पुढे आलं आणि आपलं काळं नाक त्याने देवाच्या भातात खुपसलं.

सासऱ्यांनी त्याला हाकललं नाही.