धवल्याच्या चार ओळी

माझं ते गाणं आजही एखाद्या हळदीत वाजतं आणि मी उठून खिडकी लावून घेते. लोकांना वाटतं, मी विनय दाखवतेय. कसला डोंबलाचा विनय!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी विरारच्या फुलपाड्यातून मुंबईला जाऊन नाचाची गाणी गात असे. रीमिक्स म्हणा, पॉप म्हणा. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली कोंदट खोली. माईकच्या स्पंजला आधी गाऊन गेलेल्यांच्या थुंकीचा आणि गुटख्याचा वास. त्यात तोंड खुपसून मी 'हाय हाय' करायचे, कारण आमचे संगीतकार काचेपलीकडून सांगायचे, "और साँस डालो, बेटा." बेटा म्हणताना त्यांची नजर कुठे असायची, ते सांगायला नको. कॅसेटवर फोटो असायचा एका मॉडेलचा. तरी मी जात होते, कारण मला ते आवडत होतं. रिक्षातून आपला आवाज ऐकू आला की अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग संगीतकारांना 'गाव की धुन' हवी झाली. "तुम उधर की हो ना? कुछ असली लाओ." मी कसली तिकडची! आम्ही तळकोकणातले, वडील नोकरीपायी इथे आलेले. पण आमच्याकडे वालाच्या शेंगा आणि अळू घेऊन एक म्हातारी यायची. आई तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही. ती जवळच्याच भातशेतीच्या गावातली धवलारीण होती. त्यांच्याकडे लग्नात हळद, तेल, मांडव, प्रत्येक विधी ती गाऊन लावून देते. त्या गाण्याला धवला म्हणतात.

मी म्हटलं, "मावशी, मला एक धवला म्हणून दाखवा ना."

"हलद नाय, नवरी नाय, आनी धवला कसा म्हनू गो?" ती हसली. "असा रिकामा म्हनत नाय."

तेव्हा मी खोटं बोलले. किती सहज बोलले, याची आजही किळस येते. म्हटलं, "माझं लग्न ठरलंय मावशी. आमच्यात कुणी गाणारं नाही."

तिनं टोपली खाली ठेवली. मोरीत जाऊन हातपाय धुतले, पाट मागितला, हळद मागितली, तांदूळ मागितले. मला पाटावर बसवून गालांना हळद लावली आणि डोळे मिटून गायला लागली. ओढणीखाली माझा टेपरेकॉर्डर चालू होता. ती बराच वेळ गायली. मधेच तिचे डोळे भरून आले, आणि मी मनात म्हणत होते, आता हिला हुंदका आला तर टेप वाया जाईल.

संगीतकारांनी दोन मिनिटं ऐकलं. "बस, इतना काफी है." चार ओळी उचलल्या, खाली ढोल ठोकला, मधे माझं 'हाय हाय' घुसवलं. पुढच्या हंगामात वसईपासून विरारपर्यंत ते गाणं लागल्याशिवाय हळद होईना.

मावशी आली की विचारायची, "तारीख काडली का गो?" आईला मी गप्प राहायला लावलं होतं. मी शेवटी सांगितलं, मोडलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि अळूची एक जुडी जास्त ठेवून गेली. आम्ही त्या अळूचं फतफतं केलं. मी दोनदा वाढून घेतलं.

हळूहळू तिला लग्नांची बोलावणी येईनाशी झाली. डीजे असताना म्हातारी कशाला? आईजवळ ती एवढंच म्हणाली, "आता पोरांना मी नको." कॅसेटवरचा चेहरा दुसरीचा, त्यामुळे तो आवाज माझा हे तिला ठाऊक नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी तिच्या नातीच्या हळदीचं आम्हाला बोलावणं आलं. आईने ओढूनच नेलं. दुपारी मांडवात मावशी नातीशेजारी बसली, तिनं पहिली ओळ उचलली आणि डीजेवाल्यानं माझं गाणं लावलं. पोरं नाचायला उठली. कुणीतरी हळदीच्या ताटावर पाय दिला. तेवढ्यात आमच्या फुलपाड्याच्याच एकानं गाणं थांबवून माईकवर पुकारलं, "ह्या गाण्याची सिंगर इथेच बसलीय!" आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

टाळ्या पडल्या. मी ओशाळं हसले. ते हसू मला कधी माफ करता आलेलं नाही. मावशीनं मला खूण करून जवळ बोलावलं, शेजारी बसवलं.

"म्हन."

मी म्हटल्या त्या चार ओळी. 'हाय हाय' गाळून. चौथी संपली आणि सवयीनं मी पुन्हा पहिलीवर आले, कॅसेटमध्ये येते तशी.

"ती झाली," मावशी म्हणाली. "फुडं?"

पुढचं मला येत नव्हतं. ती टेप मी स्टुडिओतून परत आणलीही नव्हती.

"अख्खा म्हनला व्हता मी तुझ्यासाठी," ती म्हणाली. "एवढाच नेलास?"

मग ती नातीकडे वळली आणि पाचव्या ओळीपासून गायला लागली.