नियम अकरा आणि आत्याची अंबाडी

पोलिसांनी हेलिकॉप्टरातून गांजाची शेतं कशी शोधावीत, याचे नियम मी पोलिसांच्या आधी वाचले. नुसते वाचले नाहीत, एकेक अक्षर ठोकून काढलं. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता, अमली पदार्थांचा नवा कडक कायदा नुकताच आला होता, आणि मी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते. इंग्रजीवरून भाषांतर होऊन आलेला तो मसुदा स्टेन्सिलवर कापायचं काम माझ्याकडे आलं. टाइपरायटरची रिबीन बाजूला करायची, मेणकागद चढवायचा आणि बोटं दुखेपर्यंत जोर लावायचा. जोर कमी पडला तर प्रतीवर अक्षर उमटत नाही, जास्त पडला तर कागदाला भोक पडतं. अशा कामात मजकूर डोक्यात शिरत नाही म्हणतात. माझ्या शिरतो. शाळेपासूनची खोड आहे.

नियम तसे शहाणपणाचे होते. लिहिणाऱ्याने जन्मात एकदा तरी शेत पाहिलं असावं. गुरं चरत असतील तिथे हेलिकॉप्टर खाली आणायचं नाही. उभ्या पिकात उतरायचं नाही. वरून बघणाऱ्याने नकाशावर खूण करायची आणि खालच्या पथकाने ती जागा पायी जाऊन तपासायची. अकरावा नियम तर मला पाठच झाला, कारण त्या पानावर मी दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा नवं स्टेन्सिल लावावं लागलं. आकाशातून दिसलं एवढ्यावरून कुठलंही पीक उपटू नये, कापू नये, जाळू नये; आधी शेतकी खात्याच्या जाणकाराकडून पंचांसमोर झाड ओळखून घ्यावं, असा तो नियम. मसुद्याला गांजाच्या पानाचं चित्र जोडलं होतं. हाताच्या बोटांसारखं फाकलेलं, कडेला दाते असलेलं पान. ते बघून मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हसत म्हणाले होते की ही तर आमची अंबाडी.

तेव्हा हसले. पुढच्याच भाद्रपदात ते हसू अंगाशी आलं.

मी रोज आमच्या भरे गावाहून एसटीने कचेरीत जायची. आईवडील माझ्या लहानपणीच गेले होते आणि मला वाढवलं ते आत्याने. नवऱ्याच्या माघारी ती माहेरी परतली होती. वडिलांच्या वाटणीला डोंगरउताराचं एक वरकस रान आलं होतं, भात होईल असं त्यात काही नव्हतं. गावात बाकीचे लोक बांधाच्या कडेने भाजीपुरती चार ओळी अंबाडी टाकत. आत्या सगळं रानच अंबाडीचं करायची. दसऱ्यानंतर ती कापायची, पेंढ्या ओढ्यात भिजत घालायची, सडल्यावर साल सोलून, धुऊन, वाळवून वाख काढायची, आणि मग उन्हाळाभर दावी, कासरे, शिंकी वळत बसायची. भऱ्यात कुणाची गाय व्याली की वासराच्या गळ्यात पहिलं दावं आत्याच्या हातचं पडायचं. ते घ्यायला घरचा कर्ता माणूस स्वतः यायचा, पोराला पाठवून चालत नसे. तिचं सगळं वर्ष त्या एका रानावर उभं होतं, आणि तिचा मानही.

त्या भाद्रपदात पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि हेलिकॉप्टर आलं. मी कचेरीत होते. संध्याकाळी आत्याने सांगितलं की ते एवढं खाली आलं की अंबाडी आडवी झाली, शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, आणि हिने हातातला विळा हलवून त्याला हाकललं. गाव दिवसभर त्यावर हसत होतं. कुणी म्हणालं मंत्री रस्ता बघायला आला, कुणी म्हणालं कारखान्यासाठी जमीन बघतायत. मी मात्र जेवले नाही. गुरांवरून खाली यायचं नाही, हे वाक्य मी स्वतः ठोकलं होतं. एक नियम मोडला होता, म्हणजे अकरावाही मोडणार, असं माझ्या मनाने घेतलं.

रविवारी सकाळी पथक आलं. बाहेरून आलेला एक साहेब, चार हवालदार आणि जीपमध्ये विळ्यांचा भारा. विळे बघूनच माझं डोकं फिरलं. तपासायला आलेला माणूस विळे कशाला आणतो?

नेमके त्याच दिवशी पौडच्या बाजारातले दोरवाले चाचा आमच्याकडे आले होते. ते दरवर्षी भाद्रपदात उभी अंबाडी बघून जात आणि वाख दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही असा आत्याचा शब्द घेऊन जात. साहेबाने त्यांना विचारलं, तू इथे कशाला? चाचा सरळ माणूस. पीक बघायला आलो, दरसाल येतो, सगळं मीच उचलतो, असं त्यांनी खरं खरं सांगून टाकलं. साहेबाचा चेहरा उजळला. त्याला शेताबरोबर गिऱ्हाईकही सापडलं होतं. त्याने चाचांना जीपजवळ बसवलं आणि आत्यालाही ठाण्यावर यावं लागेल असं सांगितलं. आत्याने विचारलं, कशापायी? तो म्हणाला, आकाशातून बघितलंय, वरचा माणूस खोटं सांगणार नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे दुरून अंबाडी गुन्हेगार झाली होती.

दोन हवालदार विळे घेऊन रानात उतरले. मी त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. धीट वगैरे मी कधीच नव्हते. कचेरीत मोठ्या बाबूंनी खाकरलं तरी मी खुर्चीतून उठायची. पण त्या दिवशी मला भीतीच्या आधी राग आला.

मी म्हणाले, "साहेब, अकरावा नियम वाचा. मग विळा लावा."

"तू मला कायदा शिकवणार?"

"कायदा नाही, तुमचंच परिपत्रक. चौथं पान."

परिपत्रक त्याच्या फायलीत होतं. मी काढलेल्या स्टेन्सिलची प्रत, अजून दुमडलीही नव्हती. त्याने चौथं पान काढलं, वाचलं, आणि त्याची नजर खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे टंकलेखकाची आद्याक्षरं असतात. त्याने माझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्या क्षणापासून त्याच्या तोंडातलं 'तू' जाऊन 'तुम्ही' आलं. पण बोलणं गोड झालं नाही. सरकारी नोकरीत आहात, कचेरीतला कागद शेतात वाचून दाखवता, सरकारी कामात अडथळा आणता, एक पत्र लिहिलं तर नोकरी जाईल, असं त्याने सावकाश ऐकवलं.

मी म्हणाले, "नोकरीचं नंतर बघा. आधी विळे खाली ठेवायला सांगा."

आमचं हे चाललं असताना आत्याने एक कोवळा शेंडा खुडला आणि चावून खाल्ला. मग दुसरा खुडून साहेबापुढे धरला. "खावा. आंबाट लागंल. गांजा आंबाट असतो का?" साहेबाने मान फिरवली. पण चौघांतला सगळ्यात वयस्कर हवालदार पुढे झाला, पान तोंडात टाकलं, एक डोळा बारीक केला आणि म्हणाला, "सायेब, अंबाडीच हाय ही. आमच्या घरी भाजी करत्यात."

साहेबाने विचारलं, मग जीपमधून उतरताना का नाही बोललास?

"तुमी इचारलं न्हाई."

मला आजही त्या उत्तराचा संताप येतो. चौघेही शेतकऱ्याच्या घरचे. चौघांनीही लांबूनच ओळखली होती. रानात उतरलेल्या दोघांच्या तर हाताला खालच्या ओळीतला काटेरी देठ लागला होता, तरी त्यांनी विळा खाली ठेवला नव्हता. कारण वरून आलेल्या नकाशावर खूण होती, आणि वरून आलेल्या गोष्टीला खालच्या माणसाने खोटं पाडायचं नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर दोर वळणारा माणूसही गप्प राहायला लागतो, असंच ते होतं. हेलिकॉप्टरातला माणूस चुकला त्याचं मला काही नाही. त्याने झाड हाताने धरलं नव्हतं. ह्यांनी धरलं होतं.

साहेबाला शेवटी शेतकी खात्याचा माणूस बोलवावा लागला. जीप त्याला आणायला गेली. तोवर आत्या रानाच्या तोंडाशी पाय पसरून बसून राहिली आणि मी तिच्या शेजारी. चाचांना तिने जीपजवळून उठवून सावलीत बसवलं, कुणाला विचारलं नाही. दुपार कलल्यावर तो माणूस आला. बांधावरूनच बघितलं, एक देठ मोडला, आणि ही अंबाडी आहे, यात बघण्यासारखं काही नाही, असं म्हणून हात झटकले.

पुढे महिनाभरात मला कचेरीत मेमो मिळाला. माफी लिहून द्या, प्रकरण मिटवतो, असं मोठ्या बाबूंनी समजावलं. मी नियम बरोबर वाचला होता, म्हणून माफी लिहिली नाही, आणि मग माझी बदली तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात झाली. चार वर्षं तिथली धूळ खाल्ली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण त्या रविवारचा शेवट मी बघितला होता.

झालं असं की साहेबाने पंचनामा लिहिला आणि चाचांनाच पंच केलं. मग आत्यापुढे शाईची डबी ठेवून म्हणाला, कर अंगठा. आत्याने मला वाचायला सांगितलं. त्यात लिहिलं होतं की सदर जागी संशयास्पद वनस्पती आढळून आली, तूर्त कारवाई स्थगित ठेवली आहे. आत्याने हात पदराखाली घेतला.

साहेब वैतागून म्हणाला, पीक वाचलं ना तुझं, आता आणखी काय पाहिजे?

"सौंशय लिवून चाललाय तुमी. तुमी जाल, त्यो हितंच ऱ्हाईल. उद्या दुसरा सायेब यील, ह्यो कागूद काढंल आन माझ्या रानात इळं घालंल. अंबाडी हाय तर अंबाडी लिवा."

साहेबाने उशीर झाल्याचं सांगितलं, दरडावलं, मग जरा समजावूनही बघितलं. आत्या हलली नाही. चाचांनी उघडलेलं पेन बंद करून खिशाला लावलं आणि बाई अंगठा करतील तेव्हा मी सही करीन म्हणाले. शेवटी साहेबाने ती ओळ खोडली आणि लिहिलं की सदर पीक अंबाडीचे असून गांजा नाही. आत्याने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला.

कागदावर नुसता काळा ठिपका उठला. साहेबाने तो उजेडात धरला आणि म्हणाला, रेषा उठल्या नाहीत, पुन्हा कर.

"कितींदा बी केला तरी असाच उठंल," आत्या म्हणाली. "दोर वळून वळून रेषाच ऱ्हायल्या न्हाईत. त्ये बी लिवा."