कडीकाकांचं दार आणि नववी क

आमच्या शेजारी राहतात त्यांना सगळी इमारत कडीकाका म्हणते. चौकापलीकडच्या थिएटरात ते चौतीस वर्षं डोअरकीपर आहेत. खेळ सुरू झाला की आतून कडी लावायची, ती एकदा लागली की मॅनेजर आला तरी निघत नाही, म्हणून हे नाव. त्यांच्या बायकोला कोयंडा म्हणायचं धाडस मात्र अजून कुणाला झालेलं नाही. मलाही नाही, आणि मी काय काय म्हणते ते तुम्ही जिन्यात विचारा.

काकांची खरी कीर्ती निराळीच आहे. बाहेर ‘फक्त प्रौढांसाठी’ची लाल पाटी लागली, की कोवळी मिशी आणि वडिलांचा शर्ट घालून आलेल्यांना ते वय विचारत नाहीत. ‘‘वय विचारलं की माणूस खोटं बोलतो,’’ असं त्यांचं म्हणणं. ते तिकिटाकडे बघत, मान वर न करता, अस्सल मास्तरी आवाजात फक्त विचारतात, ‘‘वर्ग, तुकडी?’’ समोरचा बहाद्दर ताठ उभा राहून ‘‘आठवी ब!’’ म्हणतो आणि मग जीभ चावतो. मोठी माणसं नुसतंच ‘‘काय?’’ म्हणतात. त्यांना आत सोडायचं.

एकदाच घोळ झाला. एक ठेंगण्या बाई ‘‘सातवी अ’’ म्हणाल्या. त्या सातवी अ च्या वर्गशिक्षिका निघाल्या. ओळखपत्र सापडेपर्यंत काकांनी त्यांना अर्धा तास बाहेर बसवलं. ‘‘परीक्षा ती परीक्षा,’’ म्हणाले.

आता गंमत ऐका. काकांची नात तेरा वर्षांची आहे आणि उंचीला माझ्या कानाशी आली आहे. निळा मुखवटा घालून उडणारा तो सिनेमातला वीर म्हणजे तिचा जीव की प्राण. त्याचं दप्तर, त्याचा डबा, त्याची बाटली, उशीच्या अभ्र्यावरही तोच. त्याचे चारही सिनेमे तिने आजोबांच्याच दारातून आत जाऊन पाहिले. पाचवा आला आणि त्यावर लाल पाटी.

घरात रणकंदन. पोरगी म्हणाली, ‘‘डब्यावर छापताना माझं वय विचारलं नाही कुणी! आता दारात कशाला?’’

‘‘डबेवाल्यांचं चुकलंच,’’ काका म्हणाले. ‘‘पण मी पहिला खेळ पाहिलाय. आधीच्या चारांत मार खाल्लेला माणूस कपडे झटकून उठायचा. ह्यात उठत नाही. तो किती वेळ ओरडतो ते दाखवलंय. पिक्चर वाईट नाही, चांगलाच आहे. पण मोठ्यांचा आहे. उडणारा माणूस दिसला म्हणजे पोरांचा खेळ, असं कुणी सांगितलं?’’

मी दारात उभी होतेच. भांडण चालू असताना मला माझ्या घरात करमत नाही. म्हटलं, ‘‘काका, असल्या पाट्या काढायला हव्यात. उडणाऱ्या माणसाला कसला आलाय प्रौढपणा!’’

‘‘तुम्ही गप्प बसा, तुमची भाजी करपतेय,’’ काका म्हणाले. करपत होती.

मग नातीने डाव टाकला. ‘‘तुमची परीक्षा सगळ्यांना सारखी ना? मी पास झाले तर सोडाल?’’

काकांना आपल्या परीक्षेचा भारी अभिमान. ‘‘सुटून दाखव, सोडतो,’’ म्हणून बसले. तोंडातून शब्द गेला.

आठवडाभर पोरगी माझ्या स्वयंपाकघरात. वाटाणे सोलताना, बेसिनपाशी, जिन्यात, मी अवचित ओरडायचे, ‘‘वर्ग, तुकडी?’’ पहिले दोन दिवस तिच्या तोंडून ‘‘सातवी ड’’ फटकन निघायचं. शनिवारपर्यंत ती कंटाळलेल्या बाईसारखी भुवई उचलून ‘‘काय म्हणालात?’’ म्हणायला लागली. शिकवावं तर मीच!

रविवारी तीनच्या खेळाला आम्ही दोघी रांगेत. काकांनी तिकीट घेतलं. मान खाली. ‘‘वर्ग, तुकडी?’’

‘‘काय म्हणालात? जरा लवकर करा हो, जाहिराती बुडतायत.’’

रांग हसली. काका हसले नाहीत. तिकीट फाडायला धरलेली बोटं तशीच राहिली. कान लाल झाले. डोक्यावर त्यांनीच टांगलेली पाटी, समोर त्यांनीच दिलेला शब्द. खरं सांगते, तेव्हा मला माझीच थोडी लाज वाटली.

मग त्यांनी मान न उचलता दुसऱ्या हाताने माझं तिकीट घेतलं आणि त्याच आवाजात विचारलं, ‘‘वर्ग, तुकडी?’’

‘‘नववी क, सर!’’

हात सरळ, टाचा जुळलेल्या. त्रेपन्न वर्षांची बाई! आठवडाभर विचारायची सवय झाली होती, उत्तर द्यायची कुठे?

‘‘बाहेर,’’ काका म्हणाले.

‘‘अहो काका, माझे केस तरी बघा!’’

‘‘परीक्षा ती परीक्षा. शिक्षिकाबाईंना सोडलं नाही, तुम्हाला सोडू?’’

सगळी रांग पोट धरून हसत असताना ते नातीकडे वाकले आणि हळू म्हणाले, ‘‘तू पास. शब्द दिलाय, जा आत. पण उद्या तुझ्या वर्गातली पोरं आली तर त्यांना मी कुठल्या तोंडाने अडवू, ते सांगून जा. आणि ह्या नववी क ला घरी कोण पोचवणार? कुणीतरी मोठं माणूस हवं बरोबर.’’

पोरीने दारावरच्या पडद्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. नाक एकदा जोरात ओढलं. मग माझा हात धरला. ‘‘चला काकू. सोडते तुम्हाला.’’

चौकापर्यंत ती पाय आपटत चालली. मग म्हणाली, ‘‘तुम्ही खरंच नववी क मध्ये होतात?’’

‘‘होते. दोन वर्षं.’’

तेव्हा कुठे हसली.

संध्याकाळी काका चहाला घरी आले. त्यांनी आमची न फाडलेली तिकिटं टेबलावर ठेवली. मी अर्थातच तिथेच होते. नात त्यांच्याकडे पाठ करून म्हणाली, ‘‘एवढंच सांगा. शेवटी तो जिंकतो का?’’

‘‘जिंकतो,’’ काका म्हणाले. ‘‘पण बघून आनंद होत नाही. म्हणून थांब म्हटलं.’’

ती वळली. त्यातलं एक तिकीट तिने उचललं, मागे आपल्या अठराव्या वाढदिवसाची तारीख लिहिली आणि आजोबांच्या खिशात घातलं. ‘‘हरवू नका,’’ म्हणाली. ‘‘आणि त्या दिवशी काही विचारायचं नाही.’’

‘‘विचारणार,’’ काका म्हणाले.