सात गोठ्यांतली आडवी दांडी

लालासाहेबाला भीती वाटते, हे कराडशेजारच्या मलकापुरात कुणाला सांगून पटणार नाही. अठरा वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केलेला हा सहा फुटी माणूस हायवेच्या कडेला वर्कशॉप चालवतो. शेतीची अवजारं, मोटारी, चारा बारीक कापणारी कडबा कुट्टीची यंत्रं, सगळं त्याच्याकडं दुरुस्तीला येतं. पण कुट्टी मशीन सुरू करायच्या आधी तो बटणावर हात ठेवून आजूबाजूला कोण उभं आहे ते पाहतो, मग पुन्हा पाहतो. हे माझ्या लक्षात आलं, कारण तो आणि त्याचा मित्र गुंडा दोघंही माझ्या वर्गात होते. लहानपणी तो झाडावरून विहिरीत उडी मारताना खाली बघतसुद्धा नसे.

ही भीती बारा वर्षांपूर्वीची आहे. फौजेतून आल्यावर त्यानं पहिल्याच वर्षी गुंडाची कुट्टी दुरुस्त केली होती. चारा आत ओढणाऱ्या दातेरी रुळांवरचा पत्रा गंजला होता. लालासाहेबानं तो काढून टाकला आणि आठ दिवसांत नवा करून देतो म्हणाला. पाचव्या दिवशी गुंडाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

गुंडानं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट हात बरा झाल्यावर तो वर्कशॉपमध्ये येऊन बसू लागला आणि तिथलाच झाला. गिऱ्हाइकांचे फोन घेणं, चहा सांगणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणं, ही त्याची कामं. हाताकडं कुणी बघत राहिलं की म्हणतो, "आधारला अंगठाच लागतो म्हनं. म्हनून तेवढा ठिवलाय." लोक हसतात. लालासाहेब मात्र त्या वेळी काहीतरी शोधायला आत जातो.

दोन वर्षांपूर्वी भार्गवी आली. वाईची मुलगी, पुण्यात वस्तूंच्या रचनेचं शिक्षण घेतलेली. हात न कापणारी कुट्टी तयार करायची म्हणून ती पुठ्ठ्याचा नमुना आणि कागदांची सुरळी घेऊन एसटीनं कराडला उतरली होती. वर्कशॉपमध्ये तिनं कागद पसरले. गुंडानं ते बराच वेळ पाहिले आणि विचारलं, मॅडम, हात मशीनमध्ये जातो कसा? लक्ष नसल्यामुळं, असं ती म्हणाली.

"न्हाई," गुंडा म्हणाला. "आपुन हात घालतच न्हाई. वाडं हात घिऊन जातं."

वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आमच्याकडं साखर कारखाने सुरू असतात तेवढे महिने जनावरं त्याच्यावरच असतात. लांब, ओलं, कडेला धार असलेलं पान मनगटाला कधी गुंडाळतं ते कळत नाही, आणि रूळ पान ओढतात तेव्हा मनगटही ओढतात. भार्गवीनं कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि म्हणाली, काका, मला दाखवा. गुंडानं टॉवेल मनगटाला गुंडाळून, लालासाहेबाला दुसरं टोक ओढायला लावून, तिला ते पाच-सहा वेळा दाखवलं. लालासाहेबानं टॉवेल ओढला, पण मान फिरवून.

त्यानंतर दर शनिवारी तिघं बसू लागले. मशीनच्या तोंडापुढं आडवी दांडी असावी, ही कल्पना भार्गवीची. दांडी दाबली गेली की मोटारीचा पट्टा ढिला पडावा आणि एका लोखंडी पट्टीनं चाक आवळून धरावं, ही लालासाहेबाची. दांडी छातीशी नको, कोपराच्या उंचीला हवी, कारण माणूस आधी कोपरात ओढला जातो, हे गुंडानं सांगितलं. रबरी हातमोज्यात उसाच्या कांड्या भरून ते चाचणी घ्यायचे. पहिले कित्येक मोजे कापले गेले. त्यांचे तुकडे लालासाहेब कुणाला उचलू देत नसे. स्वतः गोळा करायचा आणि मागच्या बाजूला खड्डा करून पुरायचा. पुढं मोजे शाबूत राहू लागले, तरी यंत्रात चारा सारायला तो दुसऱ्या कुणाला उभं करेना.

मार्चमध्ये त्यांनी पहिल्या चार मशीन म्हसवडकडं नेल्या. तिथल्या दूध संस्थेत भार्गवीची ओळख होती. तिकडं पाऊस कमी, जनावरांना ज्वारीचा वाळलेला कडबा. ताठ, कोरडी ताटं दांडीखालून सरळ आत जायची. महिनाभर मशीन चालल्या. आवाज फार होतो, एक बोल्ट सैल होतो, पायाला धक्के बसतात, अशा तक्रारी आल्या. तिघांनी त्या दुरुस्त केल्या. मग डिसेंबरात आणखी सात मशीन तयार करून कराड आणि वाळवा भागातल्या सात घरी वापरायला दिल्या.

या सात घरांतून एकही तक्रार आली नाही.

भार्गवी आनंदात होती. ती दोनदा सगळीकडं जाऊन फोटो काढून आली होती. बायका मशीनजवळ हसत उभ्या, दांडी जागच्या जागी. पुण्याच्या एका कंपनीनं पाचशे मशीनची चौकशीही केली होती. पण जानेवारीत एका रविवारी सकाळी लालासाहेबानं मोटारसायकल काढली आणि गुंडाला मागं बसायला सांगितलं. कुठं जायचं विचारल्यावर म्हणाला, "नव्या मशीनला महिनाभर तक्रार न्हाई, असं कवा झालंय का? कुणालाच फोन करू नगंस."

पहिलं घर ओगलेवाडीच्या पुढं होतं. गोठ्यात शिरल्या शिरल्या त्याला दिसलं. दांडी वर उचलून साडीच्या पट्टीनं खांबाला बांधली होती. घाईनं मारलेली गाठ नव्हती ती. नीट, दुहेरी, रोजची. घरच्या सुनेनं जीभ चावली आणि लगबगीनं गाठ सोडायला लागली. दुसऱ्या घरी सुतळी होती, तिसऱ्या घरी तार.

सगळीकडं उत्तर एकच. ओल्या वाड्याचा भारा दांडीला खालून रेटतो, मशीन थांबते, पुन्हा पट्टा ताणून सुरू करावी लागते, एका पेंढीला पाच वेळा. मग सांगितलं का नाही? ते तिसऱ्या घरच्या म्हातारबांनी सांगितलं की पोरगी एवढ्या लांबून येते, चहासुद्धा उभ्यानं घेते, दांडीवरून मायेनं हात फिरवते. तिच्या तोंडावर तुझी वस्तू चालत नाही असं कसं म्हणायचं? म्हणून ती फोटोला यायची असली की सगळ्यांनी दांडी सोडून ठेवायची.

लालासाहेब त्या गोठ्यात उभा राहिला आणि त्याला घाम फुटला. दांडी बांधली एवढंच नव्हतं. त्यानं पाहिलं होतं की म्हातारबा बोलता बोलता चारा सारत होते आणि त्यांची बोटं रुळांपासून वीतभरही लांब नव्हती. जुन्या मशीनला लोक भीत होते, लांब राहत होते. ही मशीन हात कापत नाही असं त्यांना सांगितलं होतं. सांगणारा तोच होता. दांडी बांधली गेली, पण विश्वास तसाच राहिला. ही मशीन जुन्या मशीनपेक्षा वाईट झाली होती.

त्यानं तिथल्या तिथं मोटारीचा पट्टा काढून खांद्यावर टाकला. मागच्या दोन घरी परत जाऊन तिथलेही काढले. गुंडानं उरलेल्या चौघांना फोन लावले. तिघांनी उचलले, पट्टा काढला, काढलेल्या पट्ट्याचा फोटो पाठवला. राहीबाईंनी मात्र उचलला नाही.

राहीबाई वाळवा तालुक्यात नदीकाठच्या गावात राहतात. मुलगा जयराज फौजेत, घरी त्या आणि तीन म्हशी. मशीन ठेवायला दोघं गेले तेव्हा जयराज सुटीवर होता. त्यानं लालासाहेबाला कडक सलाम ठोकून सांगितलं होतं, उस्ताद, आता मी निर्धास्त जातो.

तीन वाजून गेले होते. म्हशींच्या धारा पाचला, म्हणजे कुट्टी चारला. गुंडा फोन लावत राहिला. घंटी वाजायची आणि बंद व्हायची. "फोन घरात आन ती गोठ्यात आसंल," तो म्हणाला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन. ओलांडून जावं तर समोरून दुसरी रांग. ट्रॉलीतून लोंबणारं वाडं त्याच्या हाताला घासत होतं आणि प्रत्येक वेळी तो हात मागं घेत होता.

गल्लीच्या तोंडाशीच मशीनचा आवाज ऐकू आला.

गोठ्याच्या दारात लालासाहेब थबकला. राहीबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. दांडी वर बांधलेली. मोठा भारा रेटत त्यांचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पानांत बुडालेले. ओरडावं तर त्या दचकतील, आणि दचकलेला हात पुढं जातो. खांद्याला धरावं तरी तेच. मेन स्विच दाराशेजारी भिंतीवर होता. त्यानं तो खाली ओढला.

मोटार बंद झाली, पण चाक फिरत राहिलं. एवढं जड चाक वीज गेली म्हणून लगेच थांबत नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? चाक आवळणारी पट्टी होती ती दांडीला जोडलेली, आणि दांडी खांबाला बांधलेली. पण त्याला माहीत नव्हतं ते पुढचं. राहीबाईंना वाटलं, लाइट गेली. आणि लाइट गेली की आमच्याकडच्या बायका काय करतात? चाकात जोर आहे तोवर उरलेली पेंढी झटक्यानं आत ढकलतात, नाहीतर चारा रुळांत अडकून बसतो. त्या पुढं वाकल्या, सगळा भार हातांवर टाकला.



"आक्का," मागून गुंडा म्हणाला. अगदी सावकाश, पाव्हण्यानं अंगणातून हाक मारावी तसं. "पावनं आल्यात मलकापूरचं. च्या ठिवता का?"

परके पुरुष दारात. राहीबाईंचे हात त्यांच्याही नकळत पानांतून बाहेर आले आणि डोईवरचा पदर सारखा करायला वर गेले. चाकानं आणखी सहा-सात फेरे घेतले, पेंढीची शेवटची पानं कराकरा कापली आणि ते थांबलं.

लालासाहेब तिथंच शेणकुटाच्या ढिगाशेजारी बसला. राहीबाईंना काही कळेना. त्या पाणी घेऊन आल्या. त्यानं तांब्या तसाच खाली ठेवला.

पट्टा काढून नेतो म्हटल्यावर त्या चिडल्या. तीन म्हशींना हातानं कोण तोडून घालणार, तुम्ही? त्यानं कोयता मागून घेतला आणि अंधार पडेपर्यंत वाडं तोडत बसला. गुंडा डाव्या हातानं पेंढ्या पुढं सारत होता, कोयत्यापासून चांगला दोन हात लांबून.

मंगळवारी भार्गवी राहीबाईंकडं आली. राहीबाईंनी तिला चहा दिला, पोहे दिले, मशीन चांगली आहे म्हणाल्या. लालासाहेब कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "वैनी, माझ्या हातनं एकदा झालंय. ह्याचा हात बघा. आता चांगली म्हनू नगा."

राहीबाईंनी गुंडाच्या हाताकडं पाहिलं. मग भार्गवीच्या शेजारी बसल्या.

"आइक पोरी. ही दांडी मला नगं. वाडं घातलं की थांबती. म्हशी वरडत्यात, मी बांधून टाकती. आन तुज्या मशीनला मला भ्याच वाटत न्हाई. पयलीला लय भ्यायची मी."

भार्गवीचा चेहरा उतरला. तिनं वही उघडली नाही. राहीबाईंना तिनं विचारलं, पट्टा काढलेल्या मशीनमध्ये वाडं कसं सारायचं ते शिकवाल का? चार दिवस ती तिथं राहिली. पानांनी हात चिरले, तळव्यांना फोड आले. राहीबाईंनी दाखवलं की शेंड्याकडून घातलं की पान गुंडाळतं, बुडखा आधी घातला की सरळ जातं. शिवाय चारा सारायची पन्हळ माणसाच्या हातापेक्षा लांब असली, तर हात रुळांपर्यंत पोचणारच नाही, हेही त्यांनीच सुचवलं. लालासाहेबानं दांडी काढून टाकली आणि चाक आवळणारी पट्टी मोटारीला जोडली, म्हणजे वीज गेली की चाक जागेवर थांबेल. पाचशे मशीनच्या कंपनीला भार्गवीनं स्वतः कळवलं की यंदा नाही. ते लिहिताना ती रडली, असं गुंडा म्हणतो.

नवी मशीन सध्या एकच आहे, राहीबाईंच्या गोठ्यात. लालासाहेब एक दिवसाआड तिथं जातो. चारच्या सुमारास मेन स्विचवर हात ठेवून उभा राहतो आणि कुट्टी संपेपर्यंत हलत नाही. मागच्या आठवड्यात मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. पन्हळ लांब झाल्यामुळं राहीबाईंचे हात खरोखरच लांब राहत होते. त्यांनी मुद्दाम एकदा वीज बंद करायला लावली. चाक अर्ध्या फेऱ्यात थांबलं.

"लाला, आजून किती दिस हुबा ऱ्हानार गड्या?" गुंडानं विचारलं.

"भ्या जाईस्तवर."

"मग हितंच म्हातारा हुतुयास."

लालासाहेब हसला नाही. त्यानं बहुतेक ऐकलंही नसावं. राहीबाईंनी पुढची पेंढी उचलली होती, आणि त्याची नजर त्यांच्या मनगटावर होती.