काचेतली घोंगडी

आमच्या संग्रहालयाला संग्रहालय म्हणणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याकडेला एक बंद पडलेली शाळा आहे, तिच्या दोन खोल्या. एकीत जुनी शेतीची अवजारं, दुसरीत धनगरांचं सामान: लोकर कातरायच्या कात्र्या, सूत काढायच्या चात्या, एक मोठा ढोल आणि घोंगडी. मी मास्तरकीतून निवृत्त झाले तेव्हा संग्रहालय चालवणाऱ्या गावच्या मंडळींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “बाई, तुम्हाला आता वेळच वेळ,” म्हणाले. शेतकरी माणसं दुसऱ्याचा वेळ वाटण्यात फार उदार असतात. तेव्हापासून मी काटेवाडीहून मोपेडवर येते, कुलूप उघडते आणि फडकं घेते. उसाचं पाचट पेटवलं की काजळी उडून येते आणि सगळ्यावर बसते, त्यामुळे फडक्याला काम कमी नसतं.

घोंगडी शेळगावच्या बाजूच्या एका वस्तीवरून आली होती. तिथल्या मावशींनी दिली. मावशी म्हणजे ऐंशीच्या पुढची, काडीएवढी बाई. त्यांची मेंढरं कधीच विकली गेली. कालव्याचं पाणी आलं, माळ फुटले, ऊस झाला, चरायला जागा राहिली नाही. मुलं आता ऊस आणि ढोबळी मिरची करतात. मावशींनी ह्या घोंगडीचं सूत स्वतः काढलेलं, सगळी काळी लोकर, रंगाचा थेंब नाही. विणणारा सणगर वारला आणि त्याचा माग मोडला. म्हणजे अशी दुसरी व्हायची नाही.

द्यायच्या आधी त्यांनी मला समोर बसवलं आणि अट घातली. त्यांच्या घरची रीत अशी, की मूल झालं की पहिल्यांदा घोंगडीवर ठेवायचं, आणि माणूस जायला लागला की त्याला खाली, त्याच्या स्वतःच्या घोंगडीवर घ्यायचं. “धन्याची धन्यासंगं गेली,” मावशी म्हणाल्या. “ही माझी हाय. तुमी लोकास्नी दावा, माझं काय म्हणणं न्हाय. पर माझी येळ आली की पोरं फोन करतील, तवा आणून द्यायची.”

मी हो म्हणाले. त्यांनी आणखी एक सांगितलं.

“दर अवसंला ऊन दावायचं. काठीनं झोडायचं. आन् घटकाभर तिच्यावर आडवं व्हायचं. घोंगडीला माणसाचा वास लागतो, बाई. न्हायतर कसर लागती.”

पहिलं वर्षभर मी ते केलं. अमावस्येला शाळेच्या भिंतीवर घोंगडी टाकायची, काठीनं झोडपायची, मग दार लोटून दहा मिनिटं तिच्यावर पडायचं. साठीची बाई संग्रहालयात फरशीवर झोपलेली कुणी बघितली तर काय म्हणेल, असं वाटायचं. वर ती टोचायची. घरी गेल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं की ते हसायचे. “सरकारी नोकरीत झोपली नाहीस, आता फुकटात झोपतेस,” म्हणायचे.

मग शहरातून एक तज्ज्ञ बाई प्रशिक्षण द्यायला आल्या. हातमोजे घालून त्यांनी आमची दोन्ही दालनं पाहिली. लोकरीला ऊन दाखवायचं नाही, हात लावायचा नाही, काचेत बंद करायचं, असं त्यांनी सांगितलं. घोंगडी नीट साफ करून, औषध घालून मगच बंद करायची, हेही सांगितलं होतं. ते मी वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली. सुताराकडून काचेची पेटी करून घेतली. काजळी आत जाऊ नये म्हणून फटी चिकटद्रव्यानं भरल्या. पेटी दिसायला देखणी झाली. मावशींना कळवायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मीच टाळलं. अमावस्येचं ओझं उतरलं म्हणून मला बरंच वाटलं होतं.

त्यानंतर महिन्याभरात आमचे हे गेले. बारामतीच्या दवाखान्यात, रेक्झिनच्या गादीवर, नळ्या लावलेल्या. मला काचेतून दाखवलं. कागदावर सही करायची होती ती केली. मी रडले नाही. बाया वाट बघत बसल्या होत्या, त्यांची निराशा झाली असेल. फोन सारखा वाजायचा, म्हणून त्याचा आवाज बंद केला तो तसाच राहिला. तेरावा झाल्यावर पंधराव्या दिवशी मी संग्रहालय उघडलं. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहेत. खंबीर वगैरे काही नव्हतं. चहा गार झाला तरी मी पीत होते, एवढंच. कुणी मेलं काय, जगलं काय, माझ्या आत काही हलत नव्हतं.

सात महिने मी रोज त्या पेटीची काच पुसली. घोंगडीच्या घडीखाली बारीक भुसा पडत होता, तो मला दिसत होता. काजळी असेल, असं मी मनाशी म्हणायची. काजळी काळी असते आणि हा भुसा करडा होता. शिवाय तो काचेच्या आतल्या बाजूला होता. तीस वर्षं पोरांना निरीक्षण शिकवलेली बाई मी. मला कळत होतं, पण कळून पुढं काही होत नव्हतं.

शेवटी एका बचत गटाच्या बायका बघायला आल्या. त्यातली एक काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, “आगं बया, हिला तर खाल्लीय.”

त्या गेल्यावर मी सुरीनं चिकटद्रव्य कापलं आणि पेटी उघडली. घोंगडी उचलली तशी अर्धी हातात आली आणि अर्धी खाली राहिली. एका बाजूची वीण चाळणीसारखी झाली होती. अळ्या होत्या, पांढऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या. मी उन्हात नेऊन ती झोडली. खाल्लेला भाग झडून गेला. मला रडू यायला हवं होतं. मी हात धुतले आणि डबा खाल्ला. भाजीत मीठ नव्हतं, हे मात्र लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी घोंगडी पिशवीत घालून मी वस्तीवर गेले. मावशी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. सून चहा ठेवायला आत गेली. मी पावसाचं विचारलं, मिरचीचा भाव विचारला, त्यांच्या गुडघ्याचं विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला पूर्वी नव्हती. मावशींचं लक्ष माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे होतं.

“माझी येळ आली व्हय?” त्या म्हणाल्या. “मला कुणी सांगितलं न्हाय ते.”

मग मी सांगितलं. ऊन दाखवायचं बंद केलं, काचेत कोंडली, भुसा दिसत असून उघडली नाही, सगळं क्रमानं सांगितलं. तज्ज्ञ बाईंचं नाव पुढं करणार होते, पण केलं नाही. आमचे हे गेले, हेही सांगणार नव्हते, तेवढ्यात मावशींनी माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं.

“कवा?”

“सात महिने झाले.”

“कशावर गेलं?”

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात काय झालं होतं, किती वय होतं, दवाखाना कुठला. मी म्हणाले, “रेक्झिनवर.”

 मावशींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, पिशवीतून घोंगडी काढली आणि सारवलेल्या अंगणात पसरली. सहा हातांची होती, ती आता तीन हात उरली होती. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, उरलेलं सूत ओढून बघितलं. ते पक्कं होतं. मग, मी काही म्हणायच्या आत, त्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि सरळ घोंगडीवर आडव्या झाल्या. डोळे उघडे, हात अंगाशी. चहा घेऊन आलेली सून उंबऱ्यातच थांबली.

“बघा की,” मावशी पडल्या पडल्या म्हणाल्या, “पुरती का?”

मी बघितलं. डोकं, खांदे, कंबर, सगळं आत होतं. पावलं तेवढी बाहेर, मातीत.

“पाय बाहेर राहतात,” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या. तवा कुटं चालायचंय मला?”

सून म्हणाली, “आत्या, उठा आता, चांगलं न्हाय दिसत.” मावशी उठल्या, घोंगडी झटकली, चार घड्या घातल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली. मला वाटलं होतं, आता त्या ती ठेवून घेतील.

“घिऊन जा,” त्या म्हणाल्या. “हितं सगळी पोरं गाद्यांवर झोपत्यात, हिच्यावर कोण झोपंल? मला आता हाडाला लागतं. पर पेटीत घालू नगा. तुमच्या अंगाखाली घ्या. मी सांगावा धाडंन तवा आणा.”

मला रागवा, असं मी त्यांना म्हणाले. ते मी मनापासून म्हणाले होते. त्या म्हणाल्या, “रागवून घोंगडी वाढती व्हय? च्या घ्या, निवतोय.”

आता पेटी रिकामी आहे. त्यात मी एक पाटी ठेवली आहे: ‘घोंगडी. काळी लोकर, हातसूत. सध्या वापरात आहे.’ मंडळींना ते पटलेलं नाही. बघायला येणाऱ्यांना रिकामी पेटी काय दाखवायची, म्हणतात. मी त्यांना अमावस्येला या म्हणाले, भिंतीवर वाळत घातलेली असते, हात लावून बघा. अजून कुणी आलेलं नाही.

घरी दुपारचं जेवण झालं की मी त्या तीन हातांवर पडते. माझे तर गुडघ्यापासून पाय फरशीवर असतात. घोंगडी पाठीला टोचते, मानेला टोचते, कूस बदलली की दंडाला टोचते. पहिल्याच दुपारी मला आमच्या ह्यांचं ते हसणं आठवलं आणि मी खूप वेळ रडले. मग उठून तोंड धुतलं.

फोनचा आवाज मी पुन्हा सुरू केला आहे. पडताना तो उशाशी ठेवते, मावशींच्या सुनेचा नंबर त्यात नावानिशी घातला आहे. वाजला की घोंगडी घेऊन अर्ध्या तासात वस्तीवर पोचायचं, एवढंच काम आहे माझं. रोज दुपारी मी तिथं पडून असते, आणि तो वाजू नये असं मला फार वाटतं.