बसस्टँडसमोरचा माझा चेहरा

ग्राफिक डिझाईनच्या सर्टिफिकेट कोर्सला मी प्रवेश घेतला, कारण हे काम पडद्यामागे बसून करता येतं असं मला वाटलं होतं. एरवी मी एका इंग्लिश मीडियम शाळेत लहान मुलांना शिकवते. दिवसभर कोणी ना कोणी माझ्याकडे बघत असतं, आणि कोणी बघितलं की हात कुठे ठेवावेत ते मला कळत नाही. माझ्या मोबाइलवर माझ्या फोटोच्या जागी कण्हेरीचं झाड आहे. डिझाईन शिकले की घरी बसून काम करीन, लोक काम बघतील, मला बघायची गरज पडणार नाही, एवढाच माझा हिशोब होता.

कोर्स नोकरी करणाऱ्यांसाठी होता. देऊळगाव राजात, एका कॉलेजच्या निरंतर शिक्षण विभागात, फक्त शनिवार-रविवार. छापील अभ्यासक्रम इंग्रजीत होता आणि वाचायला सुंदर होता. अक्षरांची रचना, रंगांचा मेळ, रिकामी जागा कशी वापरावी. रिकाम्या जागेवर एक अख्खा धडा होता. तो बघूनच मी फॉर्म भरला.

सरांना रिकामी जागा सहन होत नसे. कुठे कोपरा मोकळा दिसला की ते तिथे गुलाब टाकत. त्यांचं बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान होतं. दुकानात काम जास्त झालं की क्लास लॅबऐवजी दुकानातच भरायचा आणि त्याला प्रॅक्टिकल म्हणायचे. तिथल्या शाईला एक गोडसर, डोक्यात जाणारा वास असतो. रविवारी घरी आले की आधी ओढणी धुवायला टाकायची.

सुरुवातीला बरेच दिवस आम्ही नुसती डोकी कापली. लोक मोबाइलवरून फोटो पाठवतात, लग्नातला, शेतातला, मोटारसायकलवर बसलेला. त्यातून माणूस मानेपर्यंत कापून काढायचा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर ओळीत लावायचा. केसांच्या कडा नीट कापायला वेळ लागतो. मी वेळ लावायचे. सर मागून येऊन म्हणायचे, "केस ऱ्हायले तं उडव ना थोडे. त्याले काय समजते?" बोलताना त्यांच्या तोंडात सुपारी असायची आणि कीबोर्डवर तिचे कण पडायचे. ते गेले की मी कीबोर्ड उलटा करून झटकायचे.

मग एका शनिवारी सर म्हणाले, "आज आपण स्किन घेऊ."

स्किन घेणं म्हणजे चेहरा साफ करणं. डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालचं काळं काढायचं आणि शेवटी माणूस उजळ करायचा. त्यासाठी एक फोटो हवा होता. सरांनी लॅबच्या कॉम्प्युटरवर आमच्या प्रवेशाच्या फोटोंचा फोल्डर उघडला आणि एकेक फोटो पुढे ढकलू लागले. माझ्यावर थांबले.

"हा घ्या," ते म्हणाले. "हिच्यात काम भरपूर हाय."

शिंपी कापड बघून बोलतो तसं ते बोलले. त्यांना मला दुखवायचं नव्हतं. दुखवायचं असतं तर कदाचित मी उठून गेले असते. मी बसून राहिले, आणि पाहता पाहता लॅबमधल्या प्रत्येक स्क्रीनवर मी आले. माझ्याही.

माझ्या शेजारी एक फोटो स्टुडिओवाला बसायचा. माझ्याहून वयाने बराच मोठा, चांगला माणूस, दुपारी डब्यातली चटणी सगळ्यांना द्यायचा. त्याने हनुवटीवरचा माझा तीळ पहिल्यांदा उडवला. मग नाकाकडे वळला.

"मॅडम, नाक थोडं घेऊ का आत?"

मी उगाच माझा माउस हलवला.

"घेतो थोडं. नवरीचं पण घेतोच आपण."

सगळ्यांच्या स्क्रीनवर मी हळूहळू फिकट होत गेले. आधी हळद लावल्यासारखी, मग कणकेसारखी, शेवटी मैद्यासारखी. सर स्टुडिओवाल्याच्या स्क्रीनशी आले आणि कुठे अजून काळं राहिलंय ते दाखवायला त्यांनी माझ्या गालावर अंगठा टेकवला. काचेवर ठसा उमटला. तो ठसा क्लास सुटेपर्यंत माझ्या गालावर होता, आणि मी माझ्या खऱ्या गालाला हात लावायचं टाळत होते.

माझ्या स्क्रीनवर मीही माझी स्किन घेतली. सगळे करत होते, नुसतं बसून राहिले असते तर सगळ्यांनी बघितलं असतं. सरांना स्टुडिओवाल्याचा फोटो सगळ्यात आवडला. त्यांनी तो आपल्या पेनड्राइव्हवर घेतला.

पुढच्या आठवड्यात शाळेतून घरी जाताना बसस्टँडसमोरच्या लोखंडी फ्रेमवर नवा फ्लेक्स दिसला. "ग्राफिक डिझाईन शिका, घरबसल्या करिअर घडवा." त्याखाली एक मुलगी हातात लॅपटॉप घेऊन उभी होती. अंगात कोट. कोट, हात, लॅपटॉप कुठल्यातरी परदेशी बाईचे होते. मानेवर एक रेघ होती, आणि रेघेच्या वर मी होते. मोकळ्या कोपऱ्यात गुलाब.

जालन्याची बस लागली होती. लोक खिडक्यांतून फ्लेक्सकडे बघत होते. दोन पोरं खाली उभी राहून शेंगदाणे खात होती आणि टरफलं माझ्या कोटाच्या दिशेने उडवत होती. मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबले आणि मग घरी गेले.

आठवडाभर कोणीच काही बोललं नाही. शाळेतल्या सगळ्या शिक्षिका त्याच रस्त्याने येतात. एकीलाही ओळखू आलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण दिवसातून दोनदा त्याच्याखालून जायचं, आणि तो तीळ नसलेला चेहरा हसत उभा. आपली उष्टी ताटली कोणीतरी चौकात मांडून ठेवावी तसं मला व्हायचं.

ओळखलं फक्त आईने, ऑटोतून जाताना. घरी आली तीच मोबाइल पुढे करत. तिने ऑटो थांबवून फ्लेक्सचा फोटो काढला होता.

"माय वो! किती गोरी दिसून राह्यली तू!"

"आई, ती मी नाही."

"काऊन नाही? मी ओळखत नाही का माह्या पोरीले?" ती फोटो मोठा करून बघत होती. "नाक पण कसं चाफेकळी दिसते. सराले म्हणजो, एक कॉपी दे म्हणा. फोटो दाखवायले कामी येईन."

"कोणाला दाखवायला?"

"असंच. लागते ना कधी."

मावशीला तो फोटो लगेच गेला. मावशीचा फोन आला, "ही कोन हाय? आपल्यातली हाय का?" आई हसून हसून बेजार. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसले. भाजीला कांदा लागणार नव्हता.

शनिवारी मी लवकर गेले. रागाने बोलायचं तर मला इंग्रजीतच येतं, शाळेत मुलांना इंग्रजीतच रागवावं लागतं. रस्ताभर मी इंग्रजी वाक्यं जुळवली होती. सरांसमोर उभी राहिले आणि त्या सगळ्या वाक्यांतून एवढंच बाहेर आलं, "सर, तो फ्लेक्स काढता येईल का? माझा फोटो आहे."

"कुठी हाय तुझा?" सरांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यांनी माझा मूळ फोटो आणि फ्लेक्सवरचा फोटो शेजारी शेजारी लावले. "पाह्य बेटा. रंग दुसरा, नाक दुसरं, तीळ नाही. खालची बॉडी तं हायच दुसऱ्याची. तुझं काय राह्यलं त्यात?"

"मग माझाच का घेतला?"

"चेहरा आपल्या इकडचा वाटला पाह्यजे ना. इंटरनेटवरची पोरगी लावली तं आपल्या पोरी येत नाहीत."

म्हणजे चेहरा माझा नव्हता, आणि इकडचा होता. सरांना यात काही अडचण दिसत नव्हती. ते म्हणाले, "नवीन बॅच भरू दे, मंग काढू," आणि लगेच पुढे, "तुझं फायनल प्रोजेक्ट कुठपर्यंत आलं?" प्रोजेक्टचे गुण तेच देणार होते. धमकी नव्हती ती. असेल तर इतकी मऊ होती की मला पकडता आली नाही.

मी जागेवर जाऊन बसले. तो चेहरा मला तिथून खाली हवा होता, आणि सर काढणार नव्हते. पण इतके दिवस दुकानात बसून मला त्या धंद्याची एक गोष्ट कळली होती. चौकातल्या फ्रेमवरचा फ्लेक्स कोणाच्या सांगण्यावरून उतरत नाही. त्याच्यापेक्षा मोठा माणूस आला की तो आपोआप जातो, आणि मोठ्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही.

मोठा माणूस पुढच्याच रविवारी आला. स्वतः नाही, त्याचा कार्यकर्ता. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. तालुक्यात ज्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणतात त्यांचा वाढदिवस होता. क्लास दुकानातच भरला होता. सरांनी ते काम प्रॅक्टिकल म्हणून मला दिलं, कारण माझी डोकी स्वच्छ कापलेली असतात.

कार्यकर्ता माझ्या खुर्चीमागे उभा राहून डोक्यांच्या जागा सांगू लागला.

"याले वर घ्या ताई. नाही, त्याच्यावर नको, तो रागावते. बाजूले घ्या. आन याले लहान करा."

"किती लहान?"

"दिसला पाह्यजे, पन लक्षात नाही आला पाह्यजे."

स्टुडिओवाला जोरात हसला. कार्यकर्त्याने मोबाइलवर कोणाला तरी झापलं, "गॉगल लावून फोटो काऊन पाठवला बे? तुले लोकं ओळखतीन का?"

मग तो सरांकडे वळला. मोठा फ्लेक्स कुठे लावायचा यावर त्यांचं बोलणं सुरू झालं. चिखली रोड, मंदिराकडचा रस्ता. मी दुकानात कधीच कोणा गिऱ्हाइकाशी आपणहून बोलले नव्हते. माझा आवाज मलाच परका वाटला.

"बसस्टँडसमोरची फ्रेम चांगली आहे. दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांतून दिसते."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"तिथं तं तुमच्या क्लासचाच हाय ना, सर?" कार्यकर्ता म्हणाला.

"हाय तसा," सर म्हणाले. "ॲडमिशन सुरू हायेत आपले."

"मंग? भाऊपेक्षा मोठे हायेत का ॲडमिशन?"

"तसं नाही. घ्या ना, घ्या. आपलेच हायेत भाऊ."

मला हवं ते झालं होतं. फ्लेक्स मलाच पुरा करायचा होता. भाऊंचा चेहरा उन्हाने रापलेला होता, कपाळावर आडव्या रेघा, गालावर देवीचे जुने वण. माझ्या काकांसारखा साधा चेहरा होता. मी काही न विचारता वण काढायला लागले. रेघा गेल्या, डोळ्यांखालचं गेलं.

"अजून थोडे उजळ करा ताई," कार्यकर्ता म्हणाला.

मी केलं. किती उजळ केलं की सरांना आवडतं ते माझ्या हाताला पाठ झालं होतं. माझ्यावरच पाठ झालं होतं. मैद्यासारखे भाऊ स्क्रीनवर हसत होते. कार्यकर्ता म्हणाला, "आता बरोबर! आता भाऊ वाटतात." सर मागून येऊन म्हणाले, "हात बसला तुझा." त्या कोर्समध्ये त्यांनी केलेलं हे एकमेव कौतुक. मला ते जिभेवर साबण लागल्यासारखं लागलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी, शाळेत जायच्या आधी मी बसस्टँडवर गेले. सरांनी रोजंदारीवर पाठवलेल्या दोघांनी शिडी लावली होती, एक वर चढला होता. भाऊंच्या फ्लेक्सची गुंडाळी त्याने वर घेतली आणि तिचं वरचं टोक, माझ्या फ्लेक्सच्या वरूनच, तारेने फ्रेमला बांधायला लागला.

मी गाडी थांबवली. "आधी खालचा काढा ना."

"कायले?" शिडीवरचा म्हणाला. "खाली राह्यला तं वरचा कडक बसते. हवा नाही घुसत."

"तरी काढा."

"ताई, असे चार खाली हायेत त्याच्या. सगळे काढत बसू का आता?"

शिडी धरून उभा असलेला दुसरा माझ्याकडे निरखून बघत होता. "तुमचा काय संबंध हाय पन?"

मी तोंडावरचा स्कार्फ सोडला. समोर बस उभी होती, चहाच्या टपरीवर माणसं होती. मी फ्लेक्सकडे बोट केलं आणि म्हणाले, "ती मी आहे."

दोघांनी वर बघितलं, मग माझ्याकडे, मग परत वर. टपरीवरची माणसंही बघायला लागली. तीही तशीच, वर आणि खाली. मी हात गाडीच्या हँडलवर ठेवले आणि उभी राहिले.

"नाही हो ताई," शिडीवरचा अगदी समजावून म्हणाला. "ते बाहेरची पोरगी हाय. मॉडेल राह्यते तशी."

"मी आहे ती. क्लासमध्ये गोरी केली मला."

"असन," खालचा म्हणाला. त्याला वाद नको होता. "पन आता झाकूनच जाते ना. मंग काय?"

शिडीवरच्याने तार पिळली. गुंडाळी सुटली आणि भाऊंचा फ्लेक्स खाली ताणला जाऊ लागला. माझं कपाळ गेलं, नाक गेलं, हसू गेलं. माझ्या तोंडाच्या जागी गॉगलवाल्याचं कापलेलं डोकं आलं. मी बघत राहिले, टपरीवरचे मला बघत राहिले. कोट आणि लॅपटॉप सगळ्यात शेवटी झाकले गेले.